व्हायब्रेटिंग स्क्रीनचे सांधे सॉफ्टवेअरमध्ये मांडताना

कुडाळच्या एमआयडीसीत आमचे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कासार्डे परिसरातल्या सिलिका वाळू धुण्याच्या एका प्लांटकडून व्हायब्रेटिंग स्क्रीनची, म्हणजे कंपनावर चालणाऱ्या मोठ्या चाळणीची, चौकशी आली. अशा लहान चाळण्या आम्ही पूर्वी केलेल्या होत्या, पण या वेळी ग्राहकाच्या सल्लागाराने एक अट घातली होती: संपूर्ण यंत्राचे फायनाइट एलिमेंट विश्लेषण करायचे, म्हणजे यंत्राचे छोट्या तुकड्यांत विभागलेले मॉडेल कॉम्प्युटरवर करून त्यातले ताण आणि कंपने काढायची, त्यात वेल्ड, बोल्टचे सांधे आणि स्प्रिंग यांची स्वतंत्र तपासणी दाखवायची आणि अहवालावर चार्टर्ड इंजिनिअरची सही घ्यायची. अहवाल मंजूर झाल्याशिवाय ड्रॉइंगवर शिक्का नाही आणि शिक्का पडल्याशिवाय ३० टक्के आगाऊ रक्कम नाही. अहवालाचे हे काम मार्चअखेर पूर्ण झाले. कोकणातल्या माझ्यासारख्या छोट्या वर्कशॉपवाल्यांसमोर आता अशा अटी वारंवार येऊ लागल्या आहेत, म्हणून सगळा क्रम लिहून ठेवतो आहे.

पहिला प्रश्न पैशाचा होता. पुण्याच्या एका संस्थेने या अहवालासाठी ८५ हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असा दर दिला. नावाजलेल्या सॉफ्टवेअरचा वार्षिक परवाना लाखांच्या घरात जात होता आणि एका ऑर्डरसाठी तो घेण्यात अर्थ नव्हता. त्यामुळे मी प्रीपोमॅक्स आणि कॅल्क्युलिक्स ही मोफत जोडी निवडली. कॅल्क्युलिक्स हा गणित सोडवणारा भाग म्युनिकच्या एमटीयू एअरो इंजिन्समधल्या अभियंत्यांनी लिहिला आहे, तर प्रीपोमॅक्स हा त्याचा दर्शनी भाग स्लोव्हेनियातल्या मारिबोर विद्यापीठात तयार झाला आहे. काम सुरू करण्याआधी सल्लागाराला ईमेल करून हे सॉफ्टवेअर चालेल का, हे लेखी विचारून घेतले. पडताळणीची उदाहरणे जोडल्यास हरकत नाही, असे उत्तर आठवड्याभराने आले. हे उत्तर हातात येईपर्यंत मॉडेलला हात लावू नये, असे मी आवर्जून सुचवीन. कॉम्प्युटरची रॅम ३२ जीबी करून घेतली आणि यूपीएसची बॅटरी बदलली, कारण रात्रभर चालणारे गणित वीज गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

यंत्राचे आकडे असे होते. हलणाऱ्या भागाचे वजन १६०० किलो, चार कोपऱ्यांवर दोन-दोन मिळून आठ स्प्रिंग, मोटरचा वेग मिनिटाला ९५० फेरे आणि कंपनाचा पल्ला मधल्या स्थितीपासून दोन्ही बाजूंना ४ मिलिमीटर. यावरून प्रवेग सुमारे ३९.६ मीटर प्रति सेकंद वर्ग येतो, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या चौपट, आणि एक्सायटरला, म्हणजे चाळण हलवणाऱ्या यंत्रणेला, सुमारे ६३ किलोन्यूटनचा जोर लावावा लागतो. हा जोर सेकंदाला जवळजवळ सोळा वेळा उलटसुलट असे पूर्ण चक्र करतो. चाळण दिवसाला सोळा तास चालली तर एका दिवसात नऊ लाखांहून अधिक चक्रे होतात आणि अकरा दिवसांत एक कोटीचा टप्पा ओलांडला जातो. एकदा वजन ठेवून वेल्ड तुटतो का, हे पाहून इथे काहीच साधत नाही, कारण निकाल धातूच्या थकव्यावर, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण बसून हळूहळू तडकण्यावर, लागतो. ही गोष्ट स्वीकारली की मॉडेलमध्ये कशाला वेळ द्यायचा, ते आपोआप ठरते.

नोव्हेंबर महिना कागद आणि मोजमापे गोळा करण्यात गेला. आयएस २०६२ ई २५० या प्रतीच्या पोलादाची उत्पादक कारखान्याची प्रमाणपत्रे, वेल्डरची पात्रता-प्रमाणपत्रे, वेल्डिंग प्रक्रियेचा तपशील, बोल्टचे चाचणी अहवाल आणि टॉर्क रेंचचे, म्हणजे ठरावीक जोराने बोल्ट आवळणाऱ्या पान्याचे, कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) हे सगळे अहवालाला जोडावे लागते. यातल्या कॅलिब्रेशनला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण रेंच कोल्हापूरला पाठवून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत रांगेत ठेवावा लागला. तो डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत आला.

मॉडेलची सुरुवात मी स्प्रिंगपासून केली, कारण स्प्रिंग बरोबर नसतील तर वरच्या कोणत्याच आकड्याला आधार उरत नाही. २० मिलिमीटर तार, १२० मिलिमीटर मध्यव्यास आणि सहा सक्रिय वेढे, यावरून पाठ्यपुस्तकातल्या सूत्राने उभी ताठरता, म्हणजे स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला लागणारा जोर, १५४ न्यूटन प्रति मिलिमीटर येते. पुरवठादाराच्या कागदावर हाच आकडा होता, तरीही प्रत्येक स्प्रिंग मी वर्कशॉपमध्ये स्वतः मोजली. स्प्रिंगवर सपाट प्लेट ठेवून तिच्यावर वजनकाट्यावर तोललेले २०० किलो चढवायचे आणि प्लेटच्या चारही बाजूंनी उंची मोजून सरासरी काढायची. सूत्राप्रमाणे १२.७ मिलिमीटर दाब यायला हवा. काही स्प्रिंग १२ च्या जवळ होत्या, काही १३.३ पर्यंत गेल्या. साधारण सारख्या निघालेल्या स्प्रिंग डाव्या-उजव्या जोडीने लावल्या आणि मॉडेलमध्ये प्रत्येक कोपऱ्याला त्याची मोजलेली ताठरता दिली. या कामाला फक्त एक दुपार लागते, आणि पुढे सल्लागाराने विचारणा केली तेव्हा सर्वांत जास्त वजन या मोजमापांच्या तक्त्यालाच मिळाले.

सॉफ्टवेअरमध्ये स्प्रिंग म्हणजे दोन बिंदूंमधला, किंवा एक बिंदू आणि जमीन यांमधला, केवळ एक आकडा असतो. कॉइल स्प्रिंगला आडवीही ताठरता असते, हे त्या आकड्याला ठाऊक नसते. ते आपण सांगायचे असते. उभीच ताठरता दिली तर चाळण मॉडेलमध्ये मोकळेपणी आडवी सरकू शकते आणि गणित अडते, किंवा शून्य वारंवारतेचे निरर्थक उत्तर येते. आमच्या स्प्रिंगची आडवी ताठरता पुरवठादाराकडून लेखी घेतली. कामाच्या उंचीवर ती ११० न्यूटन प्रति मिलिमीटर होती. स्प्रिंग कुठे टेकवायची, हाही विचार हवा. शेल मॉडेलच्या, म्हणजे प्लेटा नुसत्या पृष्ठभागांसारख्या मांडलेल्या मॉडेलच्या, एकाच नोडवर (जाळीच्या एका बिंदूवर) टेकवली तर त्या जागी प्लेटला खळगा पडल्यासारखे दिसते आणि ताणाचा खोटा डोंगर उभा राहतो. त्यामुळे स्प्रिंगच्या बैठकीचे वर्तुळ पृष्ठभागावर वेगळे आखून प्रीपोमॅक्समधला पृष्ठभागाचा स्प्रिंग हा पर्याय वापरला.

मग पहिली तपासणी केली: फक्त गुरुत्वाकर्षण लावायचे आणि आठ स्प्रिंगच्या प्रतिक्रियांची बेरीज करायची. ती १५.७ किलोन्यूटन, म्हणजे यंत्राच्या वजनाएवढीच, आली पाहिजे. दुसरी तपासणी नैसर्गिक वारंवारतांची, म्हणजे ठोका दिल्यावर यंत्र स्वतःहून कोणत्या रूपांत आणि सेकंदाला किती वेळा डोलते, याची. पहिली सहा रूपे संपूर्ण चाळण न वाकता स्प्रिंगवर डोलण्याची असतात. त्यातले उभे डोलणे हिशेबाने ४.४ हर्ट्झवर येते आणि मॉडेलमध्येही तिथेच आले. चालू वेग १५.८ हर्ट्झ, म्हणजे साडेतीन पट दूर आहे. चाळण बंद करताना मात्र वेग उतरत मिनिटाला २६५ फेऱ्यांच्या आसपास आला की काही क्षण ती जोरात हेलकावते, आणि त्यासाठी चारही बाजूंना मोकळी जागा ठेवावी लागते. आधाराच्या सांगाड्यावर येणारा गतिक जोर मिळून फक्त ५ किलोन्यूटन निघाला, आणि हाच आकडा पायाचे काम करणाऱ्या सिव्हिलवाल्यांना हवा होता.

सातवे रूप खरे महत्त्वाचे, कारण तिथून पुढे यंत्र स्वतः वाकू लागते. ते चालू वेगाच्या निदान २० टक्के वर, म्हणजे १९ हर्ट्झच्या पलीकडे, असावे अशी सल्लागाराची अट होती. इथे बोल्ट मध्ये येतात.

आमच्या चाळणीच्या बाजूच्या प्लेटवर एकही वेल्ड नाही. आडव्या बीमच्या टोकांना फ्लँज, म्हणजे बोल्टची छिद्रे असलेल्या जोडप्लेटा, वेल्ड केलेले आहेत आणि ते फ्लँज बाजूच्या प्लेटला प्रत्येकी सहा एम २० (२० मिलिमीटर व्यासाच्या), ८.८ ग्रेडच्या बोल्टांनी आवळलेले आहेत. या धंद्यात चांगल्या चाळण्या अशाच करतात, कारण बाजूची प्लेट सर्वांत जास्त हादरते आणि वेल्डची कड तिथे पहिली तडकते. मॉडेलमध्ये फ्लँज आणि प्लेट यांचे संपूर्ण पृष्ठभाग एकमेकांना चिकटवणे सर्वांत सोपे, पण तसे केले की सांधा वास्तवापेक्षा ताठ होतो. खरा दाब बोल्टच्या डोक्याखालून शंकूसारखा पसरतो आणि बोल्टपासून दूर प्लेटा एकमेकींना फक्त टेकलेल्या असतात. म्हणून प्रत्येक छिद्राभोवती सुमारे ४० मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ आखून तेवढाच भाग चिकटवला. दोन्ही पर्याय अहवालात शेजारी-शेजारी दिले: पूर्ण पृष्ठभाग चिकटवल्यास सातवे रूप २४.६ हर्ट्झवर येत होते, वर्तुळापुरते चिकटवल्यास २१.८ वर. मंजुरी मी खालच्या आकड्यावर मागितली.

बोल्ट किती घट्ट हवा, हा प्रश्न संपूर्ण यंत्राच्या मॉडेलला विचारू नये. त्यासाठी एका सांध्याचे छोटे घन मॉडेल वेगळे केले, ज्यात बोल्ट, वॉशर आणि दोन्ही प्लेटा खऱ्या आकारात आहेत आणि प्लेटांमध्ये घर्षणासह स्पर्श आहे. क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या टप्प्यात बोल्टच्या मध्यावरच्या छेदात प्रीलोड, म्हणजे आवळल्यामुळे बोल्टमध्ये आधीच बसणारी ओढ, द्यायचा, दुसऱ्या टप्प्यात बोल्टची ताणलेली लांबी तिथेच कुलूपबंद करायची आणि त्यानंतरच बाहेरचा भार लावायचा. लांबी न बांधता बलच कायम ठेवले, तर भार कितीही वाढो, बोल्टमधला जोर बदलतच नाही, आणि आपल्याला नेमका तो बदल पाहायचा असतो. एम २० चे ताण-क्षेत्रफळ २४५ चौरस मिलिमीटर धरतात, ८.८ ग्रेडला त्याचा प्रूफ लोड, म्हणजे बोल्ट कायमचा न ताणता सोसेल तो भार, १४७ किलोन्यूटन होतो आणि त्याच्या ७५ टक्के, म्हणजे ११० किलोन्यूटन, प्रीलोड घेतला. बाहेरून एका बोल्टच्या वाट्याला ९ किलोन्यूटन ओढ आली तेव्हा बोल्टमधला जोर जेमतेम अडीच किलोन्यूटनने वाढला. उरलेली ओढ प्लेटांमधला दाब कमी होऊन सोसली गेली. अडीच किलोन्यूटन म्हणजे ताणात दहा मेगापास्कलचा (दर चौरस मिलिमीटरला दहा न्यूटनचा) चढउतार, आणि व्हीडीआय २२३० या जर्मन मार्गदर्शिकेप्रमाणे या आकाराचा, उष्णताप्रक्रियेआधी आटे पाडलेला बोल्ट मध्यापासून सुमारे ४५ मेगापास्कलपर्यंतचा चढउतार सोसतो. म्हणजे जोवर प्रीलोड टिकतो तोवर बोल्ट थकत नाही.

पण प्रीलोड टिकणे, हाच कोकणातला खरा प्रश्न आहे. ३२ मिलिमीटर जाडीच्या थरातून गेलेला बोल्ट ११० किलोन्यूटनला ताणला की त्याची लांबी फक्त सात शतांश मिलिमीटर वाढते. त्या थरात रंग असेल आणि तो महिन्याभरात वीस मायक्रॉन जरी दबला, तरी प्रीलोडचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला. आणि साध्या रंगाचा एक हातही यापेक्षा जाड बसतो. रंग दिला नाही तर खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस आहेच. घर्षणाचाही हिशेब आहे: पोलादी बांधकामाच्या आयएस ८०० या भारतीय मानकात प्रक्रिया न केलेल्या पृष्ठभागासाठी घर्षणांक ०.२० धरतात, तर ब्लास्टिंग करून गॅल्व्हनाइझ केलेल्यासाठी ०.१०, म्हणजे निम्मा. बरीच चर्चा होऊन असे ठरले की, स्पर्शाच्या जागेवर रंग द्यायचा नाही, बोल्ट आवळून झाल्यावर सांध्याची बाहेरची फट सीलंटने बंद करून मग वरून पूर्ण रंगवायचे, आणि नटाखाली पोलादी बाही, म्हणजे जाड नळीचा तुकडा, घालून बोल्टची ताणली जाणारी लांबी ६० मिलिमीटर करायची. लांबी वाढली की तेच वीस मायक्रॉनचे दबणे प्रीलोडचा सातवा-आठवा भागच नेते. बाह्यांचा खर्च किरकोळ आहे, लेथवर एका दिवसात निघतात, आणि खाऱ्या हवेत चालणाऱ्या कोणत्याही हादरणाऱ्या यंत्राला त्या लावाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

जानेवारीचा मोठा भाग वेल्डने घेतला. बीमचा पाइप ८ मिलिमीटर भिंतीचा, फ्लँज १६ चा आणि सभोवती ६ मिलिमीटरचा फिलेट वेल्ड (कोपऱ्यात भरलेला त्रिकोणी वेल्ड), म्हणजे गळ्याची, त्या त्रिकोणाच्या सर्वांत अरुंद छेदाची, जाडी ४.२ मिलिमीटर. शेल मॉडेलमध्ये प्लेटांचे फक्त मध्यपृष्ठ असते आणि वेल्ड दिसतच नाही. तिथून फक्त सांध्यातून जाणारी बले आणि आघूर्णे (वाकवणारे-पिळणारे परिणाम) घ्यायची. वेल्डच्या कडेचा ताण पाहण्यासाठी मी त्या कोपऱ्याचे घन उपमॉडेल केले, वेल्डचा त्रिकोण त्यात प्रत्यक्ष काढला आणि मोठ्या मॉडेलमधली विस्थापने त्याच्या सीमेवर लावली.

रंगीत चित्रातला लाल ठिपका इथे फसवा असतो. मेश, म्हणजे मॉडेलची जाळी, ४ मिलिमीटरची असताना वेल्डच्या कडेवर ३१ मेगापास्कल दिसत होते, २ मिलिमीटरला ३९ आणि १ मिलिमीटरला ४९. मेश आणखी बारीक केली असती तर आकडा आणखी चढला असता, कारण धारदार खाचेत गणिताप्रमाणे ताणाला वरची मर्यादाच नसते. म्हणून आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेच्या, म्हणजे आयआयडब्ल्यूच्या, शिफारशींमधली हॉट-स्पॉट पद्धत वापरली. कडेपासून प्लेटच्या जाडीच्या ०.४ पट आणि १.० पट अंतरावर, आमच्या बाबतीत ३.२ आणि ८ मिलिमीटरवर, ताण वाचायचा, पहिल्याला १.६७ ने गुणून त्यातून दुसऱ्याची ०.६७ पट वजा करायची. २१ आणि १८ मेगापास्कलवरून उत्तर २३ येते आणि ते मेश बारीक केली तरी हलत नाही. मेश अशी आखावी की त्या दोन अंतरांवर नोड नेमके पडतील. भार वाहणाऱ्या फिलेट वेल्डच्या कडेसाठी वर्ग ९० आहे, म्हणजे वीस लाख चक्रांना ९० मेगापास्कलचा चढउतार. एक कोटी चक्रांवर तो ५२ होतो आणि तिथून पुढे वक्र जवळजवळ आडवा जातो. आमचा चढउतार, दोन्ही दिशा धरून, ४६ होता.

कडेचा प्रश्न सुटला तरी मुळाचा राहतो. भार वाहणारा फिलेट वेल्ड आतून, दिसत नाही त्या बाजूनेही तडकू शकतो, आणि तिथे गळ्यातल्या ताणाला वर्ग ३६ लागतो. एक कोटी चक्रांवर तो अवघा २१ मेगापास्कल राहतो, म्हणजे ४.२ मिलिमीटरच्या गळ्याला दर मिलिमीटर लांबीमागे ८८ न्यूटन. स्थिर भाराच्या हिशेबाने हाच वर्कशॉपमधला वेल्ड सुमारे ७९५ न्यूटन घेतो, यावरून थकव्याचा फरक किती मोठा आहे ते दिसते. एक्सायटर बसणाऱ्या बीमच्या टोकांवर आमचा आकडा या मर्यादेच्या वर जात होता. तिथे पाइपची कड तिरपी कापून (चाम्फर) पूर्ण भेदनाचा, म्हणजे भिंतीच्या संपूर्ण जाडीत भरलेला, वेल्ड ठरवला आणि बाकी बीमना फिलेट ठेवला. वेल्ड केलेले बीम आंबोली घाटाने कोल्हापूरला नेऊन भट्टीत ताणमुक्त करून आणण्याचेही अहवालात लिहिले. वाहतूक धरून त्याला सुमारे २२ हजार खर्च आला.

अहवालाची पहिली आवृत्ती फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गेली. उत्तर यायला जवळजवळ महिना लागला आणि ते शेऱ्यांच्या तक्त्याच्या रूपात आले. घर्षणांक कुठून घेतला, आडव्या ताठरतेचा पुरावा काय, उपमॉडेलची सीमा सांध्यापासून पुरेशी दूर आहे का, असे सगळे रास्त प्रश्न होते. प्रत्येक शेऱ्यासमोर उत्तर, पान क्रमांक आणि जोडपत्राचा क्रमांक लिहिला. मार्चच्या मध्यावर शिमगा असल्याने वर्कशॉप रिकामे होते. तो शांत आठवडा उत्तरे लिहिण्यास उपयोगी पडला. चार्टर्ड इंजिनिअरने सहीआधी सगळे इनपुट आकडे स्वतः तपासले आणि १५ हजार रुपये शुल्क घेतले. त्यांना मॉडेलची फाइलही द्यावी, नुसती चित्रे देऊ नयेत. मार्चअखेर शिक्का मिळाला आणि आगाऊ रक्कम एप्रिलमध्ये जमा झाली. उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर पत्रव्यवहारात तिचा क्रमांक घालावा. माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत रक्कम देण्याची कायद्यातली तरतूद लागू होते.

एप्रिल-मे आंब्याचे दिवस, त्यामुळे माणूस आणि टेम्पो दोन्ही मिळणे कठीण होते, तरी पावसाआधी चाळण उभी राहिली. चालू करण्यापूर्वी बाजूच्या प्लेटवर फोन घट्ट बांधून, कंपन नोंदवणारे अॅप लावून, लाकडी हातोड्याने ठोका दिला. अनेक फोन सेकंदाला निदान शंभरच्या आसपास नोंदी घेतात, त्यामुळे ५० हर्ट्झच्या खालचे यात वाचता येते. प्लेटचे रूप २१ हर्ट्झच्या किंचित वर दिसले, मॉडेलच्या २१.८ ला पुरेसे जवळ. ११० किलोन्यूटनसाठी ४४० न्यूटन-मीटर टॉर्क लावला होता. टॉर्कवरून मिळणारा प्रीलोड २५-३० टक्के इकडेतिकडे होऊ शकतो, हे जाणून नट आणि प्लेट यांवरून रंगाची एक सलग रेघ ओढून ठेवली. पहिल्या पाळीनंतर आणि पुन्हा पहिल्या आठवड्यानंतर सगळे बोल्ट तपासले. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये बीमच्या वेल्डवर डाय पेनिट्रंट चाचणी (बारीक तड्यांत शिरणारा रंग लावून तडे शोधण्याची पद्धत) केली, तडा आढळला नाही, आणि रेघाही सरळ होत्या. त्या तपासणीचे पत्रक दिल्यानंतर राखून ठेवलेली शेवटची दहा टक्के रक्कम दिवाळीनंतर मिळाली.